खंडेनवमीला वर ठेवलेले फोर्क

कल्याण, ३ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस,
दर्शनाचा सा. न. वि. वि.

फोनवर माझं निम्मंच तुम्हाला ऐकू येतं, म्हणून लिहिते. बुधवारी गोदामात खंडेनवमी झाली. फोर्कलिफ्टची पूजा तुम्ही शिकवलीत तशीच केली. कुणाचा पाय लागू नये म्हणून पुढचे दोन लोखंडी फोर्क जमिनीला न टेकवता वर ठेवले, चावी काढली आणि प्रसाद वाटायला गेले. खोकी मोजत मागे सरकणारी करिश्मा वळली ती थेट फोर्कावर आदळली. भुवईला सहा टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

सुपरवायझर सलिल म्हणतो, अपघाताच्या रजिस्टरमध्ये लिही की ती मोबाईल बघत होती, नाहीतर तुझं ऑपरेटरचं कार्ड जाईल. मोबाईल तिच्या हातात नव्हताच. पण इथे मशीन चालवणारी मी एकटी बाई. कार्ड गेलं तर पुन्हा कोण बसू देईल? येत्या शुक्रवारी लिहायचंय. काय करू?

मामींना नमस्कार. लोभ आहेच, रागवायचं तर मोठ्या अक्षरात रागवा.

तुमची,
दर्शना

टिटवाळा, ७ ऑक्टोबर

चि. दर्शनास अनेक आशीर्वाद.

उतरलं की फोर्क खाली, ब्रेक ओढलेला, चावी खिशात. हे तुला शंभरदा घोकवलं आणि वर्षातून एक दिवस मोडायलाही मीच शिकवलं. अगं, मशीनला पाय लागला तर नमस्कार करून मोकळं होता येतं.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. बावीस वर्षांपूर्वी ठाण्याच्या कंपनीत, खंडेनवमीलाच, माझे वर ठेवलेले फोर्क खाली आले. हार नीट करणाऱ्या त्र्यंबकचं पाऊल चिरडलं. साहेबांच्या सांगण्यावरून मी लिहिलं की त्याचंच लक्ष नव्हतं. त्याची नोकरी गेली, माझी राहिली. चूक त्याची म्हटल्यावर माझी रीत चुकीची कशी म्हणणार? म्हणून तीच तुलाही शिकवली. तो दिवा स्टेशनजवळ राहतो, आणि मी अजून दिव्याला उतरत नाही.

तू खरं तेच लिही. कार्ड गेलं तर पुन्हा शिकवीन.

मामावर माया राहिली तर ठेव.

काळुराम

कल्याण, ११ ऑक्टोबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

काल लिहिलं: फोर्क वर ठेवून मी मशीन सोडलं, चूक माझी. कार्ड तीन महिने जमा झालं. तोवर खोक्यांवर लेबलं चिकटवतेय. सलिल बोलत नाही. करिश्माने नोंद वाचली आणि डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

मामा, आता तुम्हीही दिव्याला जाऊन या. लिहिताना भीती वाटतेय, पण लिहितेय.

रागावलात तरी पत्र थांबवू नका.

दर्शना

टिटवाळा, १६ ऑक्टोबर

चि. दर्शनास आशीर्वाद.

काल गेलो. त्र्यंबक गेल्या माघात वारला. त्याच्या बायकोने, मीराबाईने, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मुलगा कामावरून येईपर्यंत बसा. बाप स्वतःच्याच निष्काळजीपणाने लंगडा झाला, असं तो मुलगा, हर्षित, लहानपणापासून बापाला ऐकवत आला होता.

चार तास बसलो. तो आला, त्याने उभ्यानेच ऐकलं. मग आईला विचारलं की, बाबांनी हे कधीच कसं सांगितलं नाही. ती म्हणाली, सांगायचे रे, पण रजिस्टरात लिहिलंय ते खोटं कसं असेल, असं तूच म्हणायचास.

तुझा मामा,
काळुराम