कळशीवाली वाल्किरी

बाई, तुमच्यावरचा राग अजून गेला नाही, म्हणून लिहायला बसले. पडघ्याच्या शाळेच्या मैदानात तुम्ही आम्हां पोरींना कबड्डी शिकवायचात आणि आम्ही दमून बसलो की उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातली गोष्ट सांगायचात. वाल्किरी म्हणे घोड्यावरून रणात उतरायच्या, कोण मरणार ते ठरवायच्या आणि निवडलेल्या वीरांना देवाच्या महालात न्यायच्या. संघ निवडायच्या दिवशी तुम्हीच तशा उभ्या राहता, कमरेला पदर खोचून, आणि बोट दाखवता: तू, तू, तू. माझ्यावरून बोट पुढं सरकतं नि माझ्या मैत्रिणीवर थांबतं. माझ्या हाती पाण्याची कळशी येते. मी रडायला लागले तर तुम्ही म्हणालात, "अगं वेडे, महालात वीरांना पेले भरून कोण द्यायचं? वाल्किरीच! म्हणजे तूही वाल्किरीच की." चांगली समजूत काढलीत हो! तिला चढाई नि मला कळशी. तिचा गुडघा खरचटला तरी तुम्ही फुंकर घालायचात आणि मी बाजूला उभी राहून जळायचे. हो, जळायचेच. तुम्ही देवाघरी गेलात तेव्हाही बायका तिलाच जवळ घेऊन म्हणत होत्या, "बाईंची लाडकी गं तू." मी तिथंच होते.

आता वळ गावच्या गोडाऊनमधली ड्युटी संपली की त्याच मैदानात मी पोरी तयार करते. गोष्टही तीच सांगते. बोट मात्र आता माझं. परवा त्याच मैत्रिणीची लेक आली. चढाईला गेली नि तिघींना बाद करून परतली. पाय अगदी आईचाच. तिला न घेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. घेतली. पण आधी तिच्या हातात कळशी दिली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? ती म्हणाली, "बाई, मीच का? मला खेळायचं हाय." आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य बाहेर पडलं, जसंच्या तसं, पेल्यासकट.

पोरगी हसली. "म्हंजे मी पन वाल्किरी!" म्हणत कळशी घेऊन पळत सुटली. सगळ्यांना पाणी देऊन शेवटचा पेला माझ्यापुढं धरला. तिनं ते खरं मानलं, बाई. एवढ्या वर्षांत मला ते जमलं नाही. हे पत्र कुठं धाडणार, राहील इथंच. पण मला आता त्या पोरीचाही हेवा वाटतो.