मुलीच्या बापाचं गाणं

नागपूर, रविवार, ३ मे १९८७

हुडकेश्वरच्या लग्नातून आत्ताच आलो. जेवण जात नाही.

मुलीच्या वडिलांना मुलीसाठी एक गाणं म्हणायचं होतं. भजनात गाणारा माणूस, आवाज मोकळा. पण मुलीकडे पाहिलं की गळा दाटायचा आणि ते थांबायचे. माझ्या कीबोर्डातला तबला कुणासाठी थांबत नाही. ते मागे पडले, मांडवात लोक हसले. पूर्वी माझ्या शेजारी रामभाऊ तबल्याला बसायचा. तो असता तर हात हलका करून त्यांची वाट पाहत राहिला असता. पण आता रामभाऊला बोलावतं कोण? मी तरी कुठे बोलावतो?

शेवटी मी ताल बंद केला आणि नुसते सूर धरून त्यांच्या मागे गेलो. काय सुरेख गायले! मुलगी रडायला लागली. तेवढ्यात नवऱ्याचा भाऊ स्टेजवर चढला.

"काहून मास्तर, मशीन बिघडली काय?" म्हणाला, आणि स्वतःच बटण दाबलं. माझ्या वाद्यावर त्याचं बोट! त्या बोटाची अजून चीड येते. मी तो हात का नाही धरला?

ठेका धडाधड सुरू झाला. वडिलांनी माइक माझ्यापुढे ठेवला.

"तुमीच वाजवा, मास्तर. मले नाही जमून राह्यलं."

मुलीकडे न बघता ते खाली उतरले. मी त्यांना थांबवलं नाही. पोरं नाचायला लागली, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत मी वाजवत राहिलो.