गुंडीच्या आत्याला

९ ऑक्टोबर, दुपार

प्रिय अक्का,

नमस्कार. तुझी बालवाडी चालू असेल, गुडघाही बरा असेल असं धरून चालतो. मी अजून त्याच कारखान्यात शाळेची बाकं बनवतो. परवा बोट करवतीखाली येता येता वाचलं. बाकी ठीक.

गुंडी सहा वर्षांची झाली. हे नाव तू ठेवलंस, तेच टिकलं. पुढचे दोन दात पडलेत. बोलते थोडंच, पण हुकूम सोडते. “बाबा, ऊठ. बाबा, बस.” चालताना डावीकडे कलते, म्हणून घरातल्या प्रत्येक लाकडाचे कोपरे मी कानशीने गोल केलेत. औषध दोन वेळा. तरी महिन्यातून तीन-चार झटके येतातच. आला की तिला कुशीवर वळवायचं आणि घड्याळाकडे बघत बसायचं.

इथवर लिहायला मला तीन दिवस लागले, कारण खरं लिहायचं होतं ते हे नव्हे.

ती चार महिन्यांची असताना तू महिनाभर राहायला आली होतीस. झोपेतून उठली की तिची मान खाली जायची, दोन्ही हात दचकल्यासारखे वर यायचे. पुन्हा, आणि पुन्हा. मी म्हणालो, पोटात वारा धरलाय. तू म्हणालीस, “अरे, सकाळपासून अकरा वेळा झालं. माझ्या बालवाडीत असं एक मूल होतं. आजच दाखव.” तू वेळा लिहून ठेवलेला कागद माझ्यापुढे धरलास. मी तो फाडला. वर म्हणालो, “स्वतःला मूल नाही म्हणून दुसऱ्याच्या पोरीत खोट काढतेस?”

तू संध्याकाळी पिशवी भरलीस. मी दारापर्यंतसुद्धा आलो नाही.

अक्का, तुला वाटलं असेल, भाऊ अडाणी. तसं असतं तर बरं होतं. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेतलं होतं. “बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झालाय. पुढे झटके येऊ शकतात. जरा जरी वेगळं दिसलं तर थांबू नका.” अवघड बाळंतपणानंतर गुंडीची आई तेव्हा कुठे शुद्धीवर येत होती. तिला मी सांगितलं, पोरगी ठणठणीत आहे. दवाखान्याचा कागद हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवला. वाटलं, बोललोच नाही तर होणार नाही. म्हणजे तू बोलायच्या आधीच मला ठाऊक होतं. म्हणूनच तुझा इतका राग आला.

तू गेल्यावर मी दोन महिने काढले. मग एका सकाळी ती निळी पडली, झटका थांबेचना. दवाखान्यात विचारलं, “आधी काही दिसलं होतं?” मी मान हलवली. नाही म्हणालो. मी लवकर आणलं असतं तर गुंडी वेगळी असती का, ते नक्की कोणीच सांगू शकत नाही. पण लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं, हे सगळेच सांगतात.

मागच्या आठवड्यात नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यापासून सगळं विचारलं. गुंडीची आई म्हणाली, “माझंच काहीतरी चुकलं असेल, बाळंतपणात मी फार घाबरले होते.” सहा वर्षं ती स्वतःला बोल लावत होती, अक्का, आणि मी शेजारी बसून होतो. त्या दिवशी मला ते ऐकवेना. तिथेच सगळं सांगितलं. घरी येऊन पेटीतला कागद तिच्या हातात दिला.

ती रडली नाही, भांडली नाही. दोन दिवसांनी एवढंच म्हणाली, “आधी अक्कांना लिहा. माझं नंतर बघू.”

तू आली होतीस तेव्हा गुंडीत नेमकं काय दिसत होतं, ते डॉक्टरीणबाईंना हवंय. नीट बघणारी तू एकटीच होतीस. जेवढं आठवत असेल तेवढं लिही. मला नको लिहूस, गुंडीच्या आईच्या नावाने पाठव. तुला जे बोललो त्याची माफी मागतो. दिलीच पाहिजेस असं नाही.

गुंडीच्या आईने हे आत्ता वाचलं. पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, “पोस्टात मी टाकते. तुमचा भरवसा नाही.”

बरोबरच आहे तिचं.

तुझा धाकटा