दोन केबलींची एक जुडी

ता. १२ मे, मंगळ.
टेमघरच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरचा रिले आज सातव्यांदा तपासला. पडघ्याहून मित्र दत्तू हातातल्या छोट्या सेटवरून बोलतो. पहिला शब्द येतो, मग नुसती खरखर. रिलेने एका अँटेनाने ऐकायचं आणि त्याच क्षणी दुसरीने जोरात सोडायचं. सोडणारी सुरू झाली की ऐकणारी बहिरी.
दत्तूचा फोन: "तुजा चांगला येतंय रं. माजाच तुला जात न्हाय. आता काय मी ओरडू?"
रवि. २४ ला पुराची रंगीत तालीम. पडघ्याचा निरोप माझ्या रिलेवरून भिवंडीतल्या कंट्रोल रूमला पोचला तर गच्चीवरचा अँटेनांचा खांब राहील. नाही पोचला तर सोसायटी उतरवणार. सेक्रेटरींनी लेखी दिलंय.
सहा वर्षं लागली हा खांब उभा करायला. कुणाला न विचारता, वाचून, करून.

१४ मे, गुरु.
अँटेना शेजारीशेजारी होत्या, आता एकावर एक. मध्ये अठरा फूट, टेपने दोनदा मोजले. फिल्टरचे सहाही डबे पुन्हा जुळवले (तांब्याच्या नळीचे, माझ्या हातचे). फरक पडला. पुरेसा नाही.
मंदा: "अहो, तुमचा रेडिओ तुमच्यावरच गेलाय. बोलायला लागला की कुणाचं ऐकत नाही."


१५ मे, शुक्र.
पुन्हा खालच्या मजल्यावरच्या सलीमभाईंच्या इन्व्हर्टरवर संशय. एप्रिलमध्ये सोसायटीला अर्ज केला होता त्याबद्दल. त्यांनी आठ दिवस बंद ठेवला. लाइट जायची तेव्हा त्यांची अम्मी गॅलरीत पुठ्ठ्याने वारा घेत बसायची. खरखर कमी झाली नाही. मी मात्र "चाचणी अपुरी" असं लिहून दिलं.
तेव्हापासून जिन्यात सलाम बंद.

१८ मे, सोम.
हे आधीच करायला हवं होतं. सोडणारी अँटेना काढून तिच्या जागी नुसता भार लावला. ताकद हवेत न जाता तिथेच गरम होऊन विरते.
वर गच्चीत, केबलच्या टोकाला लावला: तरी बहिरा.
खाली, सेटच्या तोंडाशी लावला: एकदम स्वच्छ.
तीनदा केलं, तीनदा तेच. म्हणजे अँटेना नाही, सेट नाही. इन्व्हर्टर असता तर दोन्ही वेळा खरखर असती.
उरली मधली केबल.

१९ मे, मंगळ.
माझीच जुडी. दोन्ही केबली गच्चीपासून खोलीपर्यंत, बावीस मीटर, अंगाला अंग लावून. दर चार बोटांवर दोऱ्याची गाठ, दुकानात मोटरच्या गुंडाळ्या बांधतो तशी. येईल त्याला दाखवायचो. फोटो काढून पाठवलेत लोकांना.
एकेरी जाळीची केबल. सोडणारी वाटभर पाझरते, शेजारची वाटभर पिते.
दुहेरी जाळीची मागवली, रविवारच्या आत येत नाही. मग एक केबल दुसऱ्या अंगाने उतरवायची. ते अंग एकच आहे, खाली सलीमभाईंच्या गॅलरीवरून वळसा घेऊन परत माझ्या खोलीत.
गाठी कापल्या. तीनशेच्या घरात असतील. मोजल्या नाहीत.

२१ मे, गुरु.
दोनदा दारातून परत आलो. तिसऱ्यांदा बेल वाजवली.
सलीमभाई: "आओ मास्टर. अब क्या बंद करना है?"
सांगितलं. चूक माझी, केबल माझी, तुमच्या गॅलरीतून वाट हवी.
"मतलब इन्वर्टर नहीं था."
"नाही."
"मुझे क्या बोलता है? अम्मी को बोल."
अम्मी खाटेवर. उभ्यानेच बोललो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गर्मी तो हर साल लगती है बेटा. तूने लिख के दिया, वो लगा."
चहा आला. बिनसाखरेचा लागतो मला, तरी प्यायलो.
गॅलरीचं सलीमभाई "देखते हैं" म्हणाले.

२३ मे, शनि.
सकाळी सलीमभाई स्वतःच वर आले. "ला, रस्सी दे." केबल उतरवली, गॅलरीत त्यांनीच धरली. कठड्यापाशी जरा लोंबते आहे. लोंबू दे.
टेमघरातल्या टेमघरात बोलून पाहिलं. सोडणारी चालू असतानाही स्वच्छ. पण पडघ्याची खात्री नाही. दत्तू भाच्याच्या हळदीत. फोनवर मागे डीजे, "उद्या दहाला येतो रं, उद्या," एवढंच कळलं.
जाताना सलीमभाई: "कल लाइट जाएगी तो इन्वर्टर चलेगा, मास्टर. बोल के रखता हूँ."
"चालू द्या."

२४ मे, रवि.
९.३०. रिले बॅटरीवर. कंट्रोल रूमशी बोलणं झालं. सेक्रेटरी गच्चीत खुर्ची टाकून बसलेत, हातात घड्याळ.
एप्रिलचा अर्ज मागे घेत असल्याचं पत्र खिशात. तालमीचं काहीही होवो, हे आज द्यायचं.
९.५२. लाइट गेली. खाली इन्व्हर्टर सुरू झाला, इथवर गुणगुण येते. खरखर दाखवणाऱ्या मीटरकडे पाहिलं. सुई जागची हलली नाही.
९.५९. दत्तू अजून... आला, पहिल्या शब्दानंतरही स्वच्छ.