शेवटच्या नाक्याची हिरवी फाईल

मंगळवार, ५ मार्च

पोलीस! सकाळी सहाला. तोंडात टूथपेस्टचा फेस, तशीच दार उघडायला गेले. तिघं जण, हातात झडतीचा हुकूम. माझ्या इंटरनेटच्या पत्त्यावरून कुणीतरी बँकेला फसवलं म्हणे!

सर्व्हर माझाच, पण भाड्याचा, तिकडे फ्रँकफुर्टला. ओळख न देता इंटरनेट वापरायचं जे जाळं आहे, त्याचा तो शेवटचा नाका. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या मागे माझा पत्ता लागतो. चोराच्याही, आणि आपल्याच सरकारला भिऊन लिहिणाऱ्याच्याही.

फ्राऊ ब्रोडरसन, त्यांच्यातल्या मोठ्या बाई, ऐकूनच घेईनात. मग दारामागची हिरवी फाईल काढली. नाका चालवणारे आम्ही सगळेच ती दाराशी ठेवतो. सर्व्हरचा भाडेकरार, कायद्याचं कलम (नुसतं पुढे पोचवणाऱ्यावर दोष नाही), पोलिसांना आधीच कळवल्याचं पत्र, त्यांच्या पोचपावतीसह. खुणेच्या चिठ्ठ्यांसकट!

बाई पोचपावतीवरचा शिक्का बघत राहिल्या. "हे आमच्याच कचेरीत आलंय?"

"दोन वर्षं झाली."

"मग आम्हाला कुणी सांगायचं होतं की नाही!"

लॅपटॉप नेलाच तरी. आणि मी अजून आरोपीच.

नवरा, हेनिंग, पायजम्यातच उभा. "विब्के, बंद कर हे. मला शाळेत पोरांसमोर उभं राहायचं असतं."

नाही करणार!

बुधवार, ६ मार्च

हेनिंग पाव कापतो आणि सुरी आपटतो.

सोमवार, ११ मार्च

सर्व्हरवाल्यांची मेल. तक्रारी फार येतात, पुढच्या सोमवारी बंद करतो. कायदा माझ्या बाजूने, पण यंत्र त्यांचं! वकील म्हणाले, "चौकशी संपेपर्यंत तुमच्या नावावर नवा घेऊ नका, बाई."

सोमवार, १८ मार्च

बंद झाला. न्हाणीघरात जाऊन रडले. हेनिंगने दार वाजवलं. "कॉफी केलीय." एवढंच.

गुरुवार, ४ एप्रिल

जिंकले! सरकारी वकिलांचं पत्र: मी आरोपी नाही, साक्षीदार. लॅपटॉपही परत. हेनिंगला दोनदा वाचून दाखवलं.

"कळलं गं. ती हिरवी फाईल कुठे असते?"

"दारामागे. का?"

"आता लागणार नाही ना? टाकून देऊ."

असा संताप आला! हात लावून तर बघ, म्हटलं. नवा सर्व्हर शोधायला लागले आहे. मिळेल तेव्हा मिळेल.

मंगळवार, २१ मे

पोलिसांचं पत्र. पुन्हा तोच प्रकार, शेवटचा नाका, साक्षीदार म्हणून या. पण माझा नवा तर अजून सुरूच झाला नाही! पाकीट उलटून नाव वाचलं. हेनिंग.

दारामागे हिरव्या फायलीला टेकून एक निळी उभी आहे. खुणेच्या चिठ्ठ्यांसकट. भाडेकरारावर तारीख – १९ मार्च.