निळ्या रेघांचं पाणी

आबा, तिच्या हातातून निघायचं ते पाणी नव्हतं. गेल्या महिन्यात मला हे कळलं आणि तेव्हापासून कुणाला तरी सांगायला जीव खालीवर होतोय. पण ज्याला सांगायचं त्याला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. घरात बोलावं तर म्हणतील, पन्नाशीला टेकली बाई, कॉलेजच्या ग्रंथालयात एवढी जाडजाड पुस्तकं सांभाळते आणि जीव मात्र चित्रांच्या चोपड्यांत अडकलाय. म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्हाला मराठी वाचता यायचं, चौथीपुरतं, ओठ हलवत हलवत. मी लहानपणी पाठवलेली पत्रंही तिकडं भट्टीपाशी बसून तुम्ही तशीच वाचत असाल. तेव्हा सावकाश वाचा, मला घाई नाही.

आपल्या आटपाडी-म्हसवडकडची निम्मी माणसं गलाईच्या कामाला मुलुखभर पांगली, तसे तुम्हीही माझ्या जन्माआधीच तमिळनाडूत गेलात. जुनं सोनं वितळवायचं, आसिडात घालून त्यातली भेसळ काढायची आणि चोख करून सोनाराला द्यायचं. वर्षातून एकदा, म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघायचा तेव्हा तुम्ही घरी यायचात. आजीआजोबा, शेळ्या आणि माळाचं रान टाकून आईला तिकडं येता यायचं नाही, त्यामुळे आमच्या वाट्याला तुमचे तेवढेच दिवस. पत्र्याच्या ट्रंकेतून आईला लुगडं, आजीला हळकुंडं आणि मला एक कॉमिक निघायचं. कॉमिक तमिळ! घरात कुणाला त्यातलं एक अक्षर लागेल तर शपथ. आई म्हणायची, "ही अक्षरं हायती का मुंग्या फिरल्यात कागदावर? पोरीला काय कळायचं यातलं?" आणि तुम्ही पायातल्या चपला काढता काढता म्हणायचात, "चित्रं हायती की. चित्राला कशाला भाषा लागती?"

त्या कॉमिकचा खरा नायक एक मिशीवाला बाप्या होता. पानोपानी तोच. उंच इमारतीवरून उड्या काय मारायचा, एका ठोशात पाच जणांना काय लोळवायचा. मला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. पण पहिल्याच अंकात, शेवटाकडच्या एका पानाच्या कोपऱ्यात ती होती. शेलाटी, पाठीवर एकच लांब वेणी, निळा पोशाख, कमरेला चांदीचा पट्टा. तिने दोन्ही तळवे पुढे केलेत आणि त्यातून निळ्या रेघा निघून पानभर पसरल्यात. मी विचारलं, "आबा, हे काय हाय?" तुम्ही चित्राकडे बघितलं आणि क्षणाचाही विचार न करता म्हणालात, "पाणी हाय पोरी. हातातनं पाणी सोडतीया बघ."

दुसरं काय सुचणार होतं आपल्याला? शाळेच्या आधी दोन आणि शाळेनंतर दोन, अशा हंड्यांच्या खेपा करणारी मी, आणि टँकर आला की जेवणाच्या ताटावरून उठणारी आपली वस्ती. निळा रंग म्हणजे पाणी, एवढंच आपल्याला ठाऊक. मी विचारलं, "आपल्याकडं कवा येणार ही?" तुम्ही म्हणालात, "यील की. आदी लांबच्या गावांचं आटपू दे तिला." मी ते धरून बसले. पुढचं वर्षभर विहिरीवर पोहरा खडकाला लागून वाजला, की मला वाटायचं, लांबच्या गावांचं अजून आटपलेलं दिसत नाही.

तेव्हापासून मी तिचा माग काढायला लागले. तुम्ही ट्रंक उघडली की आधी पानं भराभरा उलटून ती किती वेळा आलीये ते मोजायचं आणि मग बाकीचं बघायचं. दुसऱ्या वर्षी ती दोन पानांवर आली. तिसऱ्या वर्षी तीन, त्यातल्या एकावर तर अर्धं पान तिचंच. चौथ्या वर्षी मात्र अंकभर कुठेच नाही. मी रुसून बसले. तुम्ही म्हणालात, "रजेवर गेलीया गं. मला मिळती तशी तिलाबी मिळत आसंल की रजा." त्याच्या पुढच्या वर्षी अंक हातात देताना म्हणालात, "दुकानात हुबं ऱ्हाऊन सगळी पानं बघितली, बाई हाय का म्हणून. दुकानदार खेकसला, घ्यायचं तर घ्या न्हाई तर ठिवा. पर मी बघूनच घेतलं." आज कराडच्या ग्रंथालयात कुणी उभ्याउभ्या पानं चाळत बसलं तर मी फटकन बोलायला जाते, आणि मध्येच तुमची आठवण येऊन गप्प बसते.

आणि तुमचं ते वाचणं! तिकडं राहता म्हणजे ती अक्षरं तुम्हाला येत असणार, असं मी धरून चाललेली. आसिडाने तुमची बोटं हळद लागल्यासारखी पिवळी झालेली. गलाईच्या दुकानात तुमच्याच शेजारी पडून असायचा म्हणून अंकालाही आसिड उडून बारीक बारीक भोकं पडलेली. ते पिवळं बोट तुम्ही चित्रातल्या बोलण्याच्या फुग्यातल्या अक्षरांखालून सरकवताय आणि मी तुमच्या मांडीला रेलून ऐकतेय. मिशीवाल्याला तुम्ही दोन शब्दांत उरकता आणि तिच्यावर येऊन थांबता. ती कुणा टोपीवाल्या खलनायकाला म्हणते, "आवं सरपंच, हिरीत वाकून काय बघताय? व्हा बाजूला, पाणी सोडती." कुणाला म्हणते, "घ्या, प्या पोटभर, लाजू नका." तमिळ कॉमिकातली बाई अगदी आपल्या वस्तीवरल्या बायकांसारखी बोलायची आणि मला त्यात काहीच नवल वाटायचं नाही. बाई म्हटली की ती अशीच बोलणार.

मग ती सातवीतली यात्रा. त्या वर्षी धाकटे काका सगळ्या बिऱ्हाडासकट आले होते. त्यांची मुलगी माझ्याच वयाची, तिकडेच तुमच्या शेजारच्या खोलीत वाढलेली आणि तिकडच्याच शाळेत शिकणारी. रथ ओढून झाला होता, दुपारची जेवणं झाली होती, ओसरीवर पाहुणे पानसुपारी खात बसले होते. मी नवा अंक घेऊन आले आणि तुमच्या हातात दिला. "आबा, वाचून दाखवा की सगळ्यांना." तुम्ही एकदा पुतणीकडे बघितलं. "ऱ्हाऊ दे गं, मागनं वाचू." मी हटून बसले. मग तुम्ही बोट ठेवलं आणि सुरू केलं, पण रोजचा आवाज नव्हता तो. दोन वाक्यं झाली असतील नसतील, तोच काकांची मुलगी तोंडावर हात ठेवून खिदळली. "काका, आसं कुटं लिवलंय? कायतरीच सांगताय तुमी!" ओसरी हसली. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमाला वाचायलाच येत न्हाई. खोटारडे हाय तुमी."

तुम्ही अंक मिटलात. मांडीवर ठेवून त्यावरून एकदा हात फिरवलात. "लय हुशार झाली माजी लेक," एवढंच म्हणालात आणि शेळ्यांना पाणी दाखवायला उठून गेलात. शेळ्यांना मी मघाशीच पाणी पाजलं होतं. आईने मला आत ओढलं. "वरसातनं एकदा येतोय बाप तुझा. चार माणसांत त्येची मान खाली घालाया लावलीस व्हय गं?" ठरलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधीच तुम्ही परत निघालात. काम आलंय म्हणालात. पुढच्या वर्षी ट्रंकेतून माझ्यासाठी कंपासपेटी निघाली, त्याच्या पुढच्या वर्षी फ्रॉकचं कापड. कॉमिक पुन्हा कधी निघालं नाही आणि मीही कधी मागितलं नाही.

त्या आसिडाच्या धुराने तुमची छाती खाल्ली. सांगलीच्या दवाखान्यात तुम्ही नाकाला नळी लावून पडलेले आणि मी उशापाशी परीक्षेचं पुस्तक घेऊन बसलेली. ग्रंथपालाची परीक्षा होती, पंधरा दिवसांवर आलेली. खिडकीतून उन्हाचा पट्टा तुमच्या पायांवर पडला होता. तुम्ही बराच वेळ माझ्या पुस्तकाकडे बघत होतात. मग म्हणालात, "त्या निळ्या बाईचं फुडं काय झालं गं?" मला लगेच कळलं तुम्ही कुणाबद्दल विचारताय. आणि मी, पुस्तकातून मानही वर न करता, म्हणाले, "मला काय ठाऊक, आबा? ते वाचता येतं का आपल्यात कुणाला?" तुम्ही थोडं हसलात. "व्हय, त्येबी खरंच हाय." तीन दिवसांनी तुम्ही गेलात. माणसं म्हणतात शेवटचं बोलणं राहून गेलं. आपलं राहिलं नाही, आबा. झालं, आणि ते असं झालं. माझ्या फटकळ तोंडाचा मला आजवर इतका राग दुसऱ्या कशाने आलेला नाही.

आता कराडला आमच्या वरच्या मजल्यावर एका बँकेतल्या साहेबांचं बिऱ्हाड आलंय, तमिळ आहेत. त्यांच्या आई, अम्मा, दिवसभर एकट्या असतात. मराठी येत नाही, हिंदी मोडकंतोडकं. एका रविवारी दुपारी काय मनात आलं कोण जाणे, माळ्यावरून तुमची ट्रंक उतरवली आणि ते सगळे अंक घेऊन वर गेले. अम्मांनी चष्मा पुसला आणि लहान मुलीसारखं हसत पहिला अंक उघडला. मी त्या पानावर बोट ठेवलं. "अम्मा, ये पानी छोड़ रही है ना?" त्यांनी फुगा वाचला, परत वाचला. "पानी इल्लै, मा. पानी नहीं. ये... भूलने का लाइट. जिसको लगा, वो सब भूल गया." निळ्या रेघा ज्याच्या अंगावर पडतील तो घडलेलं विसरतो, आबा. तेवढीच तिची शक्ती. जिथे तुम्ही "घ्या, प्या पोटभर" वाचायचात, तिथे ती बाई म्हणतेय, तू मला पाहिलंच नाहीस. मला आधी रागच आला. तुमचा नाही, छापणाऱ्यांचा. गावोगाव विसर वाटत फिरणारी बाई आपल्या माळावर काय कामाची होती? तुमची बाई चांगली होती.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी होतं. जुनी पुस्तकं विकणाऱ्या एकाला गाठून पुढचे अंक शोधले. ती आहे असे फक्त दोन मिळाले. पहिल्यात शहराला आग लागते, माणसं भीतीने एकमेकांना तुडवायला लागतात, आणि ती गच्चीवर उभी राहून आख्ख्या शहरावर निळ्या रेघा सोडते. माणसं भीती विसरतात, आणि तिच्यासकट सगळंच विसरतात. दुसऱ्यात ती एकाच चौकटीत आहे. बाजार भरलाय, मिशीवाला गर्दीतून चाललाय, आणि त्याच्या मागे साध्या साडीत, हातात भाजीची पिशवी घेतलेली एक बाई आहे. वेणीवरून मी ओळखली. त्याने नाही ओळखली. मी विचारलं, "अम्मा, ये क्या बोल रही है?" अम्मांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "इधर कुछ लिखा नहीं, मा." फुगाच नव्हता. मग मीच चौकटीखाली बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "दमलीया आता. बाजार क्येला, घरला निगालीया. घरी लेक वाट बघतीया तिची." अम्मांना त्यातलं काही कळलं नसणार, पण त्यांनी मान डोलावली. मला पुढे वाचवेना.

तर तिचं पुढे हे असं झालं, आबा. उशीर झाला सांगायला. हे पत्र घालायला पेटी नाही, त्या शेवटच्या अंकात बाजाराच्या पानावर घडी करून ठेवीन. तिच्या त्या रेघा खऱ्या असत्या, तर एकदाच तुमच्या अंगावर सोडायला लावल्या असत्या, त्या दुपारपुरत्या. स्वतःसाठी मी मागणार नाही.

कारण एक गोष्ट मी आईला, नवऱ्याला, कुणालाच कधी सांगितलेली नाही. सगळ्यांना वाटतं, चुलतबहीण हसली तेव्हा मला तुमचं गुपित कळलं. तसं नव्हतं. दोन वर्षं आधी मी तुमच्याकडून एकच पान दोनदा वाचून घेतलं होतं. सकाळी त्या पानावर ती सरपंचाला झापत होती, आणि संध्याकाळी त्याच पानावर रानातल्या लेकराला जेवायला हाका मारत होती. मला तेव्हाच कळलं, आणि उलट जास्तच आवडलं. पण त्या यात्रेला चुलतबहीण तुमच्या खांद्याला रेलून तमिळमध्ये काहीतरी बोलली आणि तुम्ही मान मागे टाकून हसलात. तसे तुम्ही माझ्याजवळ कधी हसला नव्हतात. तिला तुम्ही वर्षभर मिळायचात. मी आत जाऊन अंक घेऊन आले. तिला वाचता येतं हे मला माहीत होतं, आबा. तुम्हाला येत नाही, हेही माहीत होतं. म्हणूनच म्हटलं, वाचून दाखवा.