लिंबाजीनं मारलेली लाथ

४ जानेवारी, सकाळी ६
पिंगळीच्या मैदानावर प्रॅक्टिस सुरू. पस्तिशीपुढच्यांची कबड्डी, मॅच सव्वीसला, गंगाखेडच्या टीमसोबत. कॅप्टन लिंबाजी. का, तर माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. त्याचा हुकूम : आधी वीस मिनिटं वॉर्मअप. आमच्या काळात रेल्वेच्या ड्यूटीवरून थेट रेडला जायचो. मी कडेला बसून राहिलो. एनर्जी वाचवली.

७ जानेवारी
डावी पोटरी दुखायलीय. कारण मैदान. ढेकळं न फोडता खेळवतेत. लिंबाजीला सुनावलं. तो म्हणला, आबासाहेब, चार दिवस थांबा. म्हणजे मला बाहेर काढायचा डाव.

८ जानेवारी
निकिताचंही तेच. पोरगी परभणीला बी.पी.एड. करायलीय. म्हणे दुखणं थांबेपर्यंत पळू नका, बर्फ लावा, पाय उशीवर ठेवा. बापाला शिकवायलीय. बर्फ चार मिनिटं लावला. लय गार. उद्यापासून फुल रेस्ट.

९ जानेवारी
रेस्ट संपली. लोकं काय म्हणले असते?

१५ जानेवारी
मालिशवाल्या बन्सीधरकडून पोटरी रगडून घेतली. डोळ्यांत पाणी आलं. आता दुप्पट दुखायलंय, म्हणजे गुण यायलाय. बायको म्हणली, पायऱ्या उतरताना कठडा धरताव. खोटं. कठडा हलतो का बघत होतो.

२५ जानेवारी
नालायक लिंबाजीनं मला राखीवमध्ये टाकलं. त्याच्या दारात तासभर बोललो. अख्खी गल्ली जमली. शेवटी कंटाळून म्हणला, एकच रेड. एक पुरे.

२६ जानेवारी, दुपारी ४
लिंबाजीनं मला लाथ मारली. सगळ्या गावासमोर. रेषा ओलांडली, झेप घेतली, तोच मागून टाचेवर खाडकन. आवाज मलाही ऐकू आला. तोंडावर पडलो. उचलायला पहिला तोच आला, साळसूद. पडल्या पडल्या त्याचा बाप-आजा काढला. त्यानं पाणी पाजलं. मारणाराच पाणी पाजतो.

२७ जानेवारी, परभणी
डॉक्टर म्हणले, पोटरी टाचेला बांधणारी शीर तुटली, तीही आपोआप. मागून लाथ बसल्यासारखंच वाटतं म्हणे. पोटरी आधीपासून सांगत होती, ऐकायचं होतं. ऑपरेशन करावं लागंल.
निकितानं मोबाईलवर मॅच दाखवली. माझ्या मागं कोणी न्हाई. लिंबाजी पार रेषेपल्याड, आमच्या अर्ध्यात. तीनदा बघितलं. शूटिंगच वाकडं केलंय.
मी म्हणलो, पुढच्या वर्षी दाखवतो. तिनं मोबाईल बंद केला. म्हणली, "पप्पा, माझा गुडघा सुजला होता तवा तुमी म्हणलाव, पट्टी बांध अन् मैदानात उतर. मी उतरले. त्याच्यानंतर कधीच उतरले न्हाई."
आवाज चढवला न्हाई तिनं. मला मात्र लय राग आला. कोणाचा, ते इथं लिहीत न्हाई.

१२ फेब्रुवारी
प्लास्टर. लिंबाजी भेटायला आला, सोबत संत्री. त्याला एक वाक्य बोलायचं ठरवून ठेवलं होतं. तेवढ्यात चहा आला. मग तो उठला.
व्यायाम : पडूनच पाय सरळ वर उचलायचा, वीस वेळा. आज केले : वीस.
निकिता शेजारी बसून मोजायलीय. तिच्या मोजणीत : सात.